शक्तिमानची मंदावलेली ओढ

मदन महलच्या टेकडीवर, ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या आधाराने, गोंड राजा मदन शाह याच्या नावाने ओळखली जाणारी जी लहानशी गढी उभी आहे, ती पाहावयास येणारा प्रवासी राणी दुर्गावतीचा पराक्रम आणि जवळचा तोलून धरल्यासारखा दिसणारा पाषाण यांचे स्मरण ठेवून परत जातो. परंतु समोर पसरलेल्या जबलपूर शहराने गेल्या शतकात लष्कराच्या वाहनविद्येला जी देणगी दिली, तिचे स्मरण त्याला क्वचितच असते. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, या शहरात आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान नावाचा तीन टनी ट्रक १९५०च्या दशकाच्या अखेरीस येथेच आकारास येऊ लागला. आणि पुढे १९६९ साली उभारलेल्या व्हेइकल फॅक्टरीने हे काम आपल्याकडे घेऊन १९९०च्या दशकापर्यंत चालविले. हिमालयातील चौक्यांपासून राजस्थानच्या वाळूपर्यंत हा ट्रक फिरला. लष्कराच्या सेवेतून बाद झाल्यावर लिलावात विकला जाऊन लाकूड, दगड आणि वाळू वाहणाऱ्या कंत्राटदारांच्या पदरी तो दाखल झाला आणि तेथेही त्याने दीर्घकाळ इमानाने नोकरी केली.

या शक्तिमानाची वंशपरंपरा मोठी लक्षणीय आहे. रुडॉल्फ डिझेल याने आउग्सबुर्ग येथील ज्या यंत्रशाळेत १८९३ ते १८९७ या काळात आपल्या इंजिनाचे प्रयोग केले, तीच यंत्रशाळा पुढे न्यूरेनबर्गच्या कारखान्याशी एक होऊन मान या नावाने प्रसिद्धीस आली. १८९७च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्र्योटर यांनी डिझेलच्या इंजिनाची जी रीतसर परीक्षा घेतली, तीत इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून किंचित अधिक भागाचे कार्यात रूपांतर झाल्याचे दिसून आले, आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता. १९२४ साली याच कंपनीने ज्वलनकोठीत थेट इंधन फवारणाऱ्या डिझेल इंजिनाचा ट्रक लोकांपुढे आणला. १९२७पासून बॉश कंपनीचे इंधनपंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्यावर डिझेल इंजिन रस्त्यावर कायमचे स्थिरावले. जबलपूरच्या ट्रकाची नाळ अशा रीतीने प्रत्यक्ष डिझेलच्या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे.

अशा जुन्या ट्रकाच्या संबंधात चालकांची जी तक्रार सर्वांत अधिक वेळा कानी येते, ती म्हणजे ‘गाडी रेस घेत नाही’ ही होय. ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन जागचे हलत नाही, किंवा क्षणभर थबकून मग एकदम उसळते, किंवा चढावर दम तोडते, किंवा पाय काढल्यावरही आपला वेग सोडीत नाही, अशा चार निरनिराळ्या व्याधी या एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात; आणि त्या चारही व्याधींवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय फर्मावला जातो, तो असा की, पंप उतरवा आणि दुरुस्तीला पाठवा. माझे स्पष्ट मत असे आहे की, या घाईने जितके चांगले पंप बिघडले, तितके वयोमानाने बिघडले नसतील. हे मत कशाच्या आधारावर बनले, हे समजण्यासाठी ॲक्सिलेटर दाबल्यावर डिझेल इंजिनात नेमके काय घडते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

जबलपुरातच तयार झालेली जोंगा ही लष्करी जीप मूळची पेट्रोलवर चालणारी होती. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलेटर दाबला की हवेच्या वाटेवरची झडप उघडते, आत शिरणारी हवा वाढते आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल ओढले जाते. तेथे चालकाचा पाय हवेवर अंमल गाजवितो. जुन्या डिझेल इंजिनात सामान्यतः हवेच्या वाटेवर अशी झडप नसतेच. सिलिंडर प्रत्येक खेपेस पोटभर हवा घेतो, तिला आपल्या आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शात दाबून टाकतो, त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि नेमक्या क्षणी त्या तप्त हवेत डिझेलची धार धुक्याप्रमाणे फवारली गेली की ठिणगीवाचून ती पेटते. किती डिझेल फवारावयाचे हे ठरविण्याचा अधिकार पंपातील एका दातेरी पट्टीकडे, म्हणजे रॅककडे असतो. ती पुढेमागे सरकली की पंपातील प्रत्येक प्लंजर, म्हणजे इंधन दाबणारा दट्ट्या, आपल्या अक्षाभोवती थोडा फिरतो आणि त्याच्या अंगावरील तिरप्या खाचेमुळे दर खेपेचे इंधन कमीअधिक होते. ही मात्रा सहा सिलिंडरांच्या मध्यम इंजिनात पूर्ण भाराच्या वेळीसुद्धा पाण्याच्या एखाद्या थेंबाहून फारशी मोठी नसते, आणि मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या इंजिनात ती सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या हिश्शात फवारून संपवावी लागते.

या रॅकच्या आणि चालकाच्या पायाच्या मध्ये गव्हर्नर बसलेला असतो. जुन्या संस्थानांत रयतेचा अर्ज थेट खजिन्यावर जात नसे. तो आधी कारभाऱ्याच्या दप्तरी दाखल होई, आणि खजिन्याची स्थिती पाहून किती रक्कम मंजूर करावयाची ते कारभारी ठरवी. गव्हर्नरचे काम नेमके याच जातीचे आहे. इंजिनाबरोबर फिरणारी वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगच्या विरोधाला न जुमानता रॅकला मागे ओढतात. वेग मंदावला की स्प्रिंग वरचढ होऊन रॅकला पुढे ढकलते. काही गव्हर्नर सर्व वेगांवर असा अंमल चालवितात, म्हणजे चालक केवळ वेगाची मागणी नोंदवितो आणि इंधनाचा निर्णय गव्हर्नर करतो. काही केवळ अगदी मंद वेग आणि कमाल वेग या दोन सीमांवर पहारा करतात आणि मधल्या टापूत पायाचा हुकूम जसाच्या तसा रॅकपर्यंत जाऊ देतात. काही जुन्या इंजिनांत वजनांऐवजी हवेच्या नळीत एक झडप बसवून तिच्या मागे निर्माण होणाऱ्या निर्वाताने चामड्याचा किंवा रबरी पडदा ओढला जाई आणि तो पडदा रॅक हलवी. असा पडदा फाटला की इंजिन रेस घेण्याऐवजी रेस सोडावयासच नकार देते. तात्पर्य, पायापासून इंधन फवारणाऱ्या नोझलपर्यंतची ही वाट लांब आहे, तीत अनेक मुक्काम आहेत आणि पंप हा त्यांतील एक मुक्काम आहे.

यास्तव पहिली खातरजमा इंजिनाचीही नव्हे, तक्रारीची करावयाची. गिअर मोकळा ठेवून, इंजिन तापल्यावर, ॲक्सिलेटर हळूहळू आणि मग एकदम दाबून पाहावा. मोकळ्या अवस्थेत इंजिन तडफेने वेग घेत असेल आणि केवळ रस्त्यावर गाडी ओढत नसेल, तर क्लच घसरत आहे किंवा ब्रेक धरून बसले आहेत, हा संशय आधी घ्यावा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण चाकांचा वेग वाढत नाही, हे घसरणाऱ्या क्लचचे लक्षण आहे. आणि थोडे अंतर चालवून थांबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले लागले तर ब्रेकचा निर्णय तेथेच होतो. जबलपुराहून बरगी, लखनादौन, सिवनी असा मजल दरमजल जाणारा ट्रक कुरईच्या घाटात अडखळला की दोष इंजिनावर ढकलला जातो, परंतु घाट हा क्लच, ब्रेक आणि इंजिन या तिघांचीही परीक्षा एकदम घेतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

त्यानंतर ॲक्सिलेटरपासून पंपाच्या दांड्यापर्यंतची जोडणी पाहावी. हे काम बिनखर्चाचे आहे आणि म्हणूनच ते वगळले जाते. एकाने केबिनमध्ये बसून ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरावा, दुसऱ्याने इंजिन बंद असताना बॉनेटखाली पाहावे की, पंपावरील दांडा आपल्या कमाल मर्यादेच्या स्क्रूला जाऊन टेकतो किंवा नाही. चाळीस वर्षे राबलेल्या गाडीत प्रत्येक पिनेत, प्रत्येक गोळीच्या सांध्यात आणि प्रत्येक बुशात थोडी थोडी झीज साचलेली असते. ती सगळी मिळून इतकी होते की पाय तळाला गेला तरी दांडा पाऊण वाटेवरच उभा राहतो, आणि चालकाला वाटते की इंजिन म्हातारे झाले. पायाखालची जाड चटई, वाकलेला दांडा, गंजलेली केबल, ढिली पडलेली परतीची स्प्रिंग, केबिनचे बसलेले रबर, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते. दांडा स्क्रूला टेकत नसेल तर पुढील कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही.

जोडणी निर्दोष ठरल्यावर धुराकडे पाहावे. धूर हा डिझेल इंजिनाचा बोलका साक्षीदार आहे. काळा धूर सांगतो की इंधन आहे पण त्याला पुरेल इतकी हवा नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर सांगतो की इंधन आत गेले पण नीट जळले नाही, म्हणजे फवारणीची वेळ मागे पडली आहे किंवा सिलिंडरचा दाब उतरला आहे. निळसर धूर इंजिनचे वंगण जळत असल्याची इतल्ला देतो. परंतु सर्वांत महत्त्वाची साक्ष धूर नसण्याची असते, आणि तिच्याकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला असता, भाराखाली, इंजिन ओढही देत नसेल आणि धूरही सोडीत नसेल, तर इंधन नोझलपर्यंत पोहोचतच नाही, असा निष्कर्ष काढावा आणि टाकीकडे चालू लागावे.

या इंधनाच्या वाटेवर मी वाचकाला थोडे थांबविणार आहे, कारण मंद ओढीच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ येथेच सापडते. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी जे सूक्ष्म छिद्र असते, ते धुळीने बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि काही मैलांनंतर डिझेल येईनासे होते. झाकण सैल करून गाडी चालविली असता व्याधी नाहीशी झाली तर रोगनिदान तेथेच संपले. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा लहान फीड पंप, त्याच्या तोंडाशी असलेली जाळी आणि गाळ साचणारी काचेची वाटी, त्यानंतरचे दोन फिल्टर, यांपैकी कोठेही अडथळा आला की मंद वेगावर इंजिन सुरळीत चालते आणि मागणी वाढताच उपाशी पडते. लिलावातून घेतलेल्या ट्रकांत हा प्रकार विशेषेकरून आढळतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्यातील दमटपणा साचून पाणी होते, पाण्याने टाकीचा पत्रा आतून गंजतो, आणि तो गंज प्रवासाच्या हिसक्यांनी उठून जाळीवर बसतो.

याहून फसवी बाब हवेची आहे. गॅरेजच्या भाषेत ‘गाडीने हवा पकडली’ असे म्हणतात, आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल बाहेर काढणे हा तिचा सर्वश्रुत उपाय आहे. परंतु हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तर वारंवार हवा काढीत बसण्यापेक्षा ती आली कोठून याचा शोध घेणे शहाणपणाचे ठरते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तेथे तांब्याचा वायसर चेपलेला असो, बंजो बोल्ट सैल असो किंवा रबरी नळीला बारीक चीर असो, डिझेलचा एक थेंबही बाहेर दिसत नाही, उलट बाहेरची हवा निमूटपणे आत शोषली जाते. सुकी आणि स्वच्छ दिसणारी जोडणी या भागात निर्दोष असतेच असे नाही. हवा दाबली जाते, डिझेल तितकेसे दाबले जात नाही. म्हणून पंपात शिरलेला बुडबुडा प्लंजरचा सगळा जोर स्वतःच गिळतो आणि नोझल उघडण्यापुरता दाब तयारच होत नाही. पारदर्शक नळीचा एक तुकडा फीड पंपाच्या आधी बसवून इंजिन चालविले की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. त्याहूनही निर्णायक परीक्षा अशी की, स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच बांधून त्यातून तात्पुरती नळी थेट फीड पंपाला जोडावी. गाडीने एकदम रेस घेतली तर टाकी आणि तिची नळी दोषी, आणि न घेतली तर त्या दोघी निर्दोष. काही रुपयांची नळी खर्चून निम्म्या यंत्रणेविषयीचा संशय एका दमात निकालात निघतो.

आता हवेच्या वाटेविषयी थोडक्यात. काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर उघडावा; जुन्या ट्रकांत तेलाच्या वाटीचा क्लीनर असतो आणि त्यातील तेल चिखलासारखे घट्ट झाल्यावर किंवा खुणेपेक्षा अधिक भरल्यावर इंजिनाचा श्वास कोंडतो. टर्बो असलेल्या पुढच्या पिढीच्या इंजिनांत रबरी नळ्यांचे क्लिप आणि पंपावरील दाबाचा पडदा हेही पाहावे लागते. परंतु उताराच्या वापरासाठी ज्या ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक असतो, त्यांच्या धुराच्या नळीतील झडप अर्धवट मिटलेल्या स्थितीत काजळीने जाम झाली तर इंजिन आपलाच धूर बाहेर टाकू शकत नाही आणि ओढ मंदावते, ही गोष्ट मात्र अनुभवी मिस्त्रीच्याही ध्यानातून निसटते. त्या झडपेचा दांडा हाताने हलवून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

इतके करूनही दोष सापडला नाही तर ॲटमायझरकडे, म्हणजे नोझल धरून ठेवणाऱ्या इंजेक्टरकडे वळावे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या जाड नळीचे नट थोडे सैल करीत जावे; ज्या सिलिंडरचे नट सैल केल्याने इंजिनाचा आवाज बदलतो तो सिलिंडर कामावर आहे, आणि ज्याच्याने काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच रजेवर आहे. हे करताना डोळ्यांवर चष्मा असावा, हात धारेपासून दूर असावा, आणि परीक्षायंत्रावर नोझल तपासताना तर तिच्या फवाऱ्यापुढे बोट कदापि आणू नये. शंभरापेक्षा अधिक वातावरणांच्या दाबाने सुटलेले डिझेल कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि उपचारास उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. नोझल थेंब गाळीत असेल किंवा तिचा फवारा एका बाजूस झुकत असेल तर ती बदलणे हाच मार्ग आहे. नाशिकच्या मायको कारखान्यातून निघालेल्या नोझलांनी देशभरच्या असंख्य ट्रकांना सेवा दिली, आणि त्या शहरातील एका चौकाचे नावच मायको सर्कल पडले; तथापि मूळ मालाच्या वेष्टनात नकली मालही विकला जातो, सबब खरेदी जाणत्या दुकानातून आणि पावती घेऊनच करावी.

पंपाची पाळी यानंतर येते. इंजिनाशी जोडलेले त्याचे कपलिंग सरकून फवारणीची वेळ मागे पडली असेल तर पंप न उघडता ती पुन्हा मुकर्रर करता येते. टॅपेटचे अंतरही याच सुमारास पाहून घ्यावे. वेग आपोआप वरखाली होत राहिला तर गव्हर्नरची झीज किंवा त्यातील घाण झालेले तेल हे कारण संभवते. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा रॅक गंजाने किंवा वाळलेल्या डिझेलच्या चिकट थराने अडकतो, आणि हा दोष धोक्याचाही आहे, कारण रॅक पूर्ण पुढे गेलेल्या स्थितीत अडकला तर इंजिन बेफाम धावते आणि किल्ली फिरवून थांबत नाही. अशा प्रसंगी बंद करण्याचा दांडा ओढावा, त्याने न थांबल्यास हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबावी, किंवा गाडी वरच्या गिअरमध्ये घालून ब्रेक दाबून धरून क्लच सोडावा. हात किंवा कापड हवेच्या तोंडाशी नेऊ नये. दीर्घ विश्रांतीनंतर प्रथम इंजिन सुरू करण्यापूर्वी रॅक मोकळा हलतो किंवा नाही हे पाहणे मी अनिवार्य समजतो.

अलीकडच्या काळातील एक कारणही येथे नोंदविले पाहिजे. १ एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपुरते मर्यादित झाले आहे. शहरांतील हवेसाठी हा बदल अत्यंत हितकारक असून त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा घटकसमूह बदलतो, आणि पूर्वीच्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षे फुगून बसलेली जुन्या पंपांतील रबरी सीले आक्रसून गळू लागण्याचा संभव असतो. जुन्या पंपाला अकस्मात गळती लागली तर प्लंजर झिजले असे गृहीत न धरता आधी नव्या प्रतीची सीले घालून पाहावीत. तद्वतच डिझेलमध्ये घासलेट मिसळण्याची वाईट चाल जेथे असेल तेथे तिच्यापासून कटाक्षाने दूर राहावे, कारण या पंपाचे वंगण डिझेल हेच आहे. प्लंजर आणि त्याची नळी यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावे लागते, आणि एका नळीचा प्लंजर दुसऱ्या नळीत घालता येत नाही.

याच कारणास्तव पंपाचे शिसाचे सील रस्त्याच्या कडेला, पक्कड आणि अंदाज यांच्या बळावर कोणी तोडू नये. कमाल इंधनाचा स्क्रू थोडा फिरवून ‘रेस वाढवून देणारा’ मनुष्य इंजिनाला अधिक डिझेल देतो, हवा देत नाही. त्याचा परिणाम काळा धूर, तापलेले पिस्टन आणि वाढलेला खर्च एवढाच होतो. व्हेइकल फॅक्टरी २०२१च्या ऑक्टोबरपासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या नव्या कंपनीच्या अमलाखाली गेली, आणि शक्तिमान तयार होणे तर त्यापूर्वीच थांबले होते. या इंजिनांचे मूळ सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होणार आहेत. म्हणून ज्यांच्या पदरी असा ट्रक असेल त्यांना विनंती एवढीच की, ओढ मंदावली तर जोडणी, धूर, टाकी, हवा आणि ॲटमायझर यांची तपासणी आधी पुरी करावी. आणि पंप खरोखरच उतरवावा लागला तर तो कॅलिब्रेशनचे यंत्र असलेल्या ठिकाणीच द्यावा, आणि परत घेताना प्रत्येक प्लंजरचे इंधन किती भरले याचा लेखी तक्ता मागून घ्यावा. तो तक्ता मिळत नसेल तर पंप तेथे देऊ नये.